जाड तार

मित्रांनो, येता-जाता तुम्ही ज्याला डीपी म्हणता तो मी, गल्लीच्या तोंडाशी दोन खांबांवर बसलेला एक जुना ट्रान्सफॉर्मर. माझ्या पोटात तांब्याच्या तारांची वेटोळी आहेत आणि ती गार राहावीत म्हणून तेल भरलेले आहे. मला वर चढवले त्या दिवशी सगळी गल्ली माना उंचावून बघत होती. आता आपले दिवस पालटले, असे कुणीतरी म्हणालेही.

खोटे नव्हते ते. गिरणीवाल्या काकूंची पिठाची गिरणी सुरू झाली, समोर लेथवाल्या मामांनी लोखंड कातायचा लेथ टाकला, घराघरांत पंखे फिरू लागले. मात्र गिरणी आणि लेथ एकदम चालले की मी तापायचो. मग त्या दोघांनी आपसात ठरवून टाकले. दळण सुरू केले की काकू खिडकीत पांढरे पोते लटकवत. पोते दिसले की मामा लेथ बंद ठेवून चहा पीत. काकू मुद्दाम दळण लांबवतात, असे ते सगळ्यांना सांगत. पण बटणाला हात लावत नसत. माझी कितीतरी वर्षे अशी सुखात गेली.

आता गल्ली ओळखू येत नाही. काकूंच्या लेकीने, ताईने, वरच्या मजल्यावर शिवणकामाचा कारखाना काढला. मामांच्या पुतण्याने बॅटरीच्या रिक्षा चार्ज करायची शेड उभारली. आपला भाग वर येतोय, असे जो तो म्हणतो. मलाही आनंद होतो, पण माझे तेल आटत चालले आहे आणि ते बघायला कुणी वर चढत नाही.

परवा एका मोठ्या कंपनीच्या मॅडम ताईचा कारखाना बघायला आल्या. त्यांचे काम मिळाले असते, तर गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या हाताला काम लागले असते. ताईच्या कारखान्याला वीज पुरावी म्हणून काकूंनी गिरणी बंद ठेवली आणि तरीही खिडकीत पोते लटकवले. मामांनी लेथ थांबवला. पुतण्याने मात्र आलेल्या सगळ्या रिक्षा एकदम चार्जिंगला लावल्या. मी जिवाच्या आकांताने ओढत राहिलो. शेवटी फ्यूज उडाला आणि वरची मशिने टाके अर्धवट सोडून थांबली.

मॅडमनी शांतपणे विचारले, "असं नेहमी होतं का?"

"हल्ली होतं," ताई म्हणाली. तिला खोटे बोलवेना. कळवते म्हणून मॅडम गेल्या, त्यांनी अजून काही कळवलेले नाही.

पुतण्या धावत आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. "काकू, मला वाटलं पोतं वाळत घातलंय."

काकू रागावल्या नाहीत. "आम्ही दोघंच होतो तोवर पोतं पुरलं रे," त्या म्हणाल्या. "आता सगळ्यांनी एकदा बसायला हवं."

बसायचे राहूनच गेले. त्याआधी वायरमन आला. पुन्हा उडायला नको, अशी लोकांनी त्याला गळ घातली आणि त्याने फ्यूजमध्ये चांगली जाड तार घातली. सगळे खूश झाले.

मित्रांनो, बारीक तार वितळते ती मला वाचवण्यासाठी. जाड तार वितळणार नाही. मला हात असते तर जोडून सांगितले असते, आधी एकत्र बसा, माझे तेल बघा, मला एखादा जोडीदार आणा आणि मग हवी तेवढी बटणे दाबा. पण आज काकूंच्या खिडकीत पोते नाही. तार जाड आहे, आता कशाला, असे मामाच त्यांना म्हणाले. गिरणी, लेथ, ताईची मशिने आणि रिक्षा, सगळे एकदम चालू आहे आणि माझे तेल कढू लागले आहे.