ताईची दुर्बीण

मित्रांनो, वेधशाळेच्या दारातून आत आलात की उजव्या हाताला काचेचे कपाट दिसते ना, त्यात उभी असलेली जुनी दुर्बीण ती मी. माझा रंग उडाला आहे, नळीला दोन पोचे आहेत.

मला कारखान्यात नाही, स्वयंपाकघरात घडवले. एका परिचारिकेने आणि तिच्या कॉलेजात शिकणाऱ्या धाकट्या बहिणीने. ओट्याशेजारी काच ठेवून दोघी ती महिनोन्‌महिने घासत.

"आता मला दे, तुझा हात जड पडतो," धाकटी म्हणे.

"मोठी आली शहाणी!" म्हणत ताई बाजूला होई.

घासून घासून खोलगट झालेल्या त्या काचेवर चांदीचा मुलामा चढला, तिचा आरसा झाला आणि मला दृष्टी मिळाली.

काही ताऱ्यांचा प्रकाश कमी-जास्त होत असतो. त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. दोघींनी त्यातला एक तांबूस तारा धरला. रोज संध्याकाळी मला गच्चीवर नेऊन त्या तो शेजारच्या ताऱ्यांशी ताडून पाहत आणि आपला अंदाज वेधशाळेला कळवत.

अशा निरीक्षकांचा मेळावा दरवर्षी याच वेधशाळेत भरे. मोठ्या घुमटासमोर हिरवळीवर आम्ही लहानसहान दुर्बिणी रांगेत उभ्या राहिलो की मला अंग चोरावेसे वाटे. पण एकदा तिथले शास्त्रज्ञ माझ्यावर हात ठेवून म्हणाले, "आमच्या थोरल्या दुर्बिणीला रोज एकाच ताऱ्याकडे बघायला सवड कुठली? ते काम ही करते." त्या दिवशी मला आकाश ठेंगणे झाले!

पुढे धाकटी लग्न होऊन परदेशी गेली. ताई एकटीच मला गच्चीवर आणू लागली. "आज बरा उजळलाय गं," असे ती सवयीने बोलून जाई, आणि मग एकटीच अंदाज टिपून घेई.

काही वर्षांनी ताईच्या नजरेच्या मधोमध डाग पडला. डॉक्टरांनी हात टेकले. मी चादरीखाली कोपऱ्यात गेले. दिवेलागणीला ताई येऊन चादरीवरून हात फिरवी. मला वाटे, आज उचलेल.

शेवटी तिने मला वेधशाळेला द्यायचे ठरवले. त्या वर्षीच्या मेळाव्याला ती मला घेऊन आली आणि तिच्यासाठी धाकटीही आली. अंधार पडू लागताच धाकटीने मला डोळा लावला.

"सापडला गं, ताई!"

"डावीकडच्या दोघांपेक्षा कसा आहे?"

"वरच्यापेक्षा मंद. खालच्यापेक्षा... उजळ. जरासाच."

ताईने लगेच अंदाज सांगितला.

"ताई, आता एकटी राहू नकोस. चल माझ्याकडे."

"आणि ही?"

"विमानात कशी न्यायची गं? इथं तिला आकाश तरी मिळेल."

ताईने चाचपडत माझ्या नळीवर झाकण बसवले. दुसऱ्या दिवशी दोघी गेल्या. "हिला वापरत जा हं," असे ताईने निघताना शास्त्रज्ञांना बजावले.

पण मला हे कपाट मिळाले. काच रोज पुसली जाते. मेळाव्याची मंडळी येतात, कौतुक करतात आणि सांज झाली की आपापल्या दुर्बिणी घेऊन हिरवळीवर पळतात. त्यांचे हसणे मला ऐकू येते. तो तांबूस तारा सध्या मंद आहे की उजळ, हे मात्र मला कुणी सांगत नाही.

मित्रांनो, जपणे म्हणजे नुसते पुसणे नव्हे. या कपाटाला कुलूप नाही, साधी कडी आहे. संध्याकाळी आलात तर ती काढा. मी फार जड नाही.