मास्तरांचं गुणी रक्त

आमच्या दवाखान्यात मास्तरांचं रक्त फार गुणी म्हणून गाजलं होतं. मास्तर म्हणजे शिंपी, कोपऱ्यावरच्या दुकानात शर्ट शिवणारे. त्यांना कुष्ठरोग झाला, औषधं घेतली, जंतू मेले. संपलं? छे! मेलेल्या जंतूंवरही आपलंच शरीर कधीकधी तुटून पडतं आणि त्या हाणामारीत बिचाऱ्या नसा सुजतात, हात लुळा पडतो. याला आम्ही रिअॅक्शन म्हणतो. ती कोणाला येणार हे आधीच कळावं म्हणून आमच्या डॉक्टर मॅडम रक्तात एक खूण शोधत होत्या. रिअॅक्शनच्या आधी एक प्रथिन वाढतं, असा त्यांचा अंदाज. मास्तरांना एकदा रिअॅक्शन येऊन गेलेली, म्हणून ते ठरल्या वेळी रक्त द्यायला यायचे. प्रथिन कायम खाली. मॅडम खूश.

मी खूश नव्हते. मी फिजिओथेरपिस्ट, माझा विश्वास हातावर. मी रुग्णाला करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात कागद धरायला लावते आणि ओढते. पूर्वी मास्तरांच्या बोटांतून कागद काढायला मला जोर लावावा लागायचा. त्या दिवशी जरासा ओढला, तर आपला अलगद माझ्या हातात.

"मास्तर, धरा की नीट!"

"धरलाय की, ताई."

शिंप्याचा उजवा हात होता तो. मी तडक मॅडमकडे गेले.

"पण रक्त तर शांत आहे," त्या म्हणाल्या.

"मग रक्तालाच सांगा शर्ट शिवायला!"

वरिष्ठांशी असं बोलू नये हे मला कळतं, पण तोंड सुटलं की सुटलं. मॅडम भल्या, उठून माझ्याबरोबर बाहेर आल्या. मास्तरांशेजारी त्यांची बायको बसली होती. मी विचारलं, "काकू, घरी कसे असतात हे?"

"एरवी गरीब गाय. पण तपासणी जवळ आली की काय होतं देव जाणे! भुकेला काही ताळतंत्र नाही, माझ्या ताटातलंसुद्धा उचलतात. झोपायचं नाव नाही, कपाटं काय आवरतात, भांडी काय घासतात! आणि तोंड बघा, कसं टम्म झालंय."

मॅडमनी आणि मी एकमेकींकडे पाहिलं. ही तर स्टिरॉइडची लक्षणं! रिअॅक्शनवर आम्हीच देतो त्या गोळ्या.

मास्तरांनी निमूटपणे खिशातून बटणांची डबी काढली. पांढऱ्या बटणांत पांढऱ्या गोळ्या.

"मागच्या वेळच्या आहेत. बरं वाटलं म्हणून सगळ्या संपवल्या नाहीत. तपासणीच्या आधी थोडे दिवस घेतो. मॅडम पहिल्यांदा म्हणाल्या, रक्त छान आहे. इतक्या खूश झाल्या होत्या! म्हटलं, आता बिघडायला नको."

"अहो, ही काय परीक्षा आहे?"

"मग, तयारी न करता यायचं का, ताई?"

मी कपाळावर हात मारला. गोळ्या घेतल्या की प्रथिन गप्प, आमचा रिपोर्ट खूश. थांबवल्या की नस पुन्हा सुजायला मोकळी.

काकूंनी डबी हिसकावली. "हात गेला तर खायचं काय? मॅडमची शाबासकी?" आणि त्यांना रडूच फुटलं.

मास्तरांचा चेहरा खाडकन उतरला. "जाईल का हो हात?"

"माहीत नाही," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? "पण फार उशीर झालेला नसावा."

मॅडमनी मास्तरांचे सगळे आकडे अभ्यासातून काढून टाकले. एवढी मेहनत पाण्यात गेली. गोळ्या नव्याने सुरू झाल्या, हळूहळू कमी करायच्या, आणि डबी काकूंच्या ताब्यात. मास्तर दर खेपेला माझ्याकडे यायचे आणि कागद दर खेपेला सुटायचा. मी हसून "पुढच्या वेळी" म्हणायचे आणि ते गेले की चरफडत बसायचे.

मग एका सकाळी मॅडमही बघायला उभ्या राहिल्या. मी कागद ओढला. सुटेना. पाय रोवून ओढला, तर टर्रकन फाटला! अर्धा माझ्या हातात, अर्धा मास्तरांच्या बोटांत, घट्ट. काकूंनी पदर तोंडाला लावला. माझेही डोळे भरून आले, लपवू कशाला?

मास्तरांनी आपला तुकडा उलटसुलट करून पाहिला.

"फाडलात ना, ताई? आणा इकडे, शिवून देतो."