भस्म फासलेली फरशी

हरिओमने बाटलीचे झाकण काढले आणि ॲसिडची पहिली धार कोपऱ्यातल्या शहाबादी फरशीवर सोडली. दगडातून चरचर आवाज निघाला. तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यावर येतो तसा, पण अधिक रेंगाळणारा. पांढरा फेस वर आला, आणि त्या फेसात सिमेंटचे ठिपके मऊ होऊन सुटू लागले. नाकावर बांधलेल्या रुमालाआड तो स्वतःशीच थोडासा हसला. मग खराटा हाती घेऊन तो कोपऱ्यापासून मागे सरकत दाराकडे येत राहिला.

“नाकाला झोंबायलंय रे, हरी. काय ओतायलास?” आतल्या खोलीतून सत्यभामाबाईंनी विचारले.

“काही न्हाई, माय. डाग काढायलोय.”

“श्रीमंत हात लावू नको म्हणला होता न्हवं?”

त्याने पुढच्या फरशीवर धार सोडली. फरशी बसवणारा भालकीचा श्रीमंत सांधे भरून, पॉलिशचे मशीन घेऊन सोमवारी येतो म्हणून सांगून गेला होता. तोवर फरशीला कोणी हात लावू नये, हेही त्याने बजावले होते. पण दुकानातून घरी आले की हरिओमला ते सिमेंटचे शिंतोडे दिसत, आणि ते आपल्याच अंगावर उडाल्यासारखे वाटून तो अवघडून जाई. या घरात त्याने आजवर एकच गोष्ट हट्टाने मागितली होती, आणि ती म्हणजे ही फरशी.

आधी इथे टाइल्स होत्या. थोरल्या भावाने, धनराजने, त्या लातूरहून आणल्या होत्या. साईच्या रंगाच्या, छताचा पंखा खाली फिरताना दिसावा इतक्या चकचकीत. हुलसूरच्या बाजारातले व्यापारी केवळ त्या पाहायला म्हणून येऊन जात. गेल्या हिवाळ्यात त्याच टाइल्सवरून सत्यभामाबाई घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. उदगीरच्या डॉक्टरांनी ते जुळवले. शेवटच्या तपासणीला त्यांनी एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरून पाहिला आणि म्हणाले, “हाड उत्तम जुळलंय. आता भीती जुळून बसायच्या आत यांना चालवा. नाहीतर पाय कायमचा आखडेल.”

पण पाय पुढे पडत नव्हता. आतल्या खोलीत सिमेंटचा जुना कोबा होता. तिथे त्या भिंतीला धरून खाटेपासून उंबऱ्यापर्यंत येत. उंबऱ्यावर थांबत. समोर मधली खोली, तिच्या पलीकडे स्वयंपाकघर. चाळीस माणसांचा स्वयंपाक एकटीने उरकणारी ती बाई चौकटीला धरून पलीकडच्या चुलीकडे पाहत उभी राहे आणि थोड्या वेळाने मागे वळे. कधी मोरीत न्यायचे झाले तर थोरली सून पल्लवी टाइल्सवर पोती अंथरी आणि त्यांचा दंड घट्ट धरी. तरीही त्यांच्या पायाची बोटे पक्ष्याच्या नखांसारखी आत वळलेली असत.

हरिओमने ती बोटे पाहिली होती. म्हणूनच एके संध्याकाळी जेवताना, ताटावरची नजर न उचलता, तो म्हणाला होता, “मधल्या खोलीतल्या टाइल्स काढू या. दगड टाकू.” तो काही मागतो आहे याचेच सर्वांना इतके नवल वाटले की धनराजनेही होकार दिला. अट एकच घातली, की दगडाला पॉलिश असे करायचे की टाइल्सची आठवण येऊ नये.

हरिओमने बादल्या भरभरून पाणी ओतले. ओली होती तोवर फरशी निळीकाळी दिसत होती, डोहातून नुकत्याच वर आलेल्या म्हशीच्या पाठीसारखी. त्याने पंखा लावला आणि दारात बसून तो पाहत राहिला. पाणी ओसरू लागले. त्याबरोबर दगडाचा रंगही ओसरू लागला. आधी कोपरा पांढुरका झाला, मग भिंतीकडची ओळ, मग सगळीच खोली. त्याने ओले फडके फिरवले. काळेपण परत आले, आणि पंख्याच्या वाऱ्यासरशी पुन्हा गेले. तळहात टेकवला तर दगडाची साय निघून गेल्यासारखी वाटली. हाताला बारीक कणी लागत होती.

हार्डवेअरवाल्याने बाटली देताना “टाइल्सवर टाकतात” एवढेच सांगितले होते. शहाबादी दगड चुन्याच्या जातीचा असतो, त्याला ॲसिड खाऊन टाकते, हे हरिओमला त्या तळहाताने सांगितले.

शेजारची अक्कम्मा नेहमीप्रमाणे गप्पा मारायला आली. ती घरी कानडी बोले आणि सत्यभामाबाईंशी मराठी. तिची मराठी या गल्लीइतकीच मोकळी होती. दारातच ती थबकली.

“अय्यो! हे काय केलास रे? तुमची फरशी तर आमच्या मठातल्या स्वामीवानी भस्म फासून बसलीया.”

हरिओम उठून उभा राहिला. कुठे पाहावे हे त्याला सुचेना.

“हसू नको गं, अक्कम्मा,” आतून सत्यभामाबाई म्हणाल्या. “लेकरू आधीच हिरमुसलंय.”

“हसू न्हाई तर काय पाया पडू? स्वामी झालाय म्हणल्यावर पडावं लागंल.” अक्कम्मा चपला बाहेर काढून तरातरा खोली ओलांडून गेली आणि उंबऱ्यापाशी वळून म्हणाली, “पण चालायला छलो आहे, चांगलं आहे बघ. दगड पाय धरायलाय.”

तिच्या त्या शेवटच्या शब्दांकडे हरिओमचे लक्ष नव्हते. तो फडके पिळत होता.

संध्याकाळी धनराज अडतीवरून आला. दिवा लावला आणि दारातूनच फरशीभर नजर फिरवली.

“टाइल्स काढलास. बरं. दगड आणलास. तेही बरं. आता दगडाची राख केलास व्हय?”

“अण्णा, डाग...”

“डाग काढायला गेलास आन् सगळ्या खोलीचाच डाग करून ठेवलास. कामून हात लावलास? तुला कुणी सांगितलं होतं?”

“जेवून घ्या आधी,” पल्लवी म्हणाली. “भावजींनी काय मुद्दाम केलंय का?”

“मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं. निदान विचार करून केलं असतं.”

धनराजने तिथल्या तिथे श्रीमंतला फोन लावला. पलीकडचा आवाज सर्वांना ऐकू येत होता. “घाबरू नका, सावकार. वरचा थर घासून काढतो. दोन हात जास्त मारावे लागतील, पण आरसा करून देतो. तोंड बघून घ्या त्यात.”

आतल्या खोलीत खाट करकरली. कोणी तिकडे पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी हरिओम दुकानात गेला नाही. ॲसिडचा वास अजून घरात होता, म्हणून त्याने धुण्याचा सोडा पाण्यात कालवला आणि गुडघ्यावर बसून एकेक फरशी ब्रशने घासू लागला. आपण बिघडवलेली वस्तू निदान स्वच्छ तरी असावी, एवढेच त्याच्या मनात होते. खिडकीतून आलेले ऊन घासून वाळलेल्या पांढुरक्या दगडावर पडत होते, पण उसळत नव्हते. ते त्यात शांतपणे मुरत होते. टाइल्सवरचे ऊन डोळ्यांत घुसायचे. हा दगड ते ठेवून घेत होता. त्याला वाटले, उद्या मशीन फिरल्यावर हेही जाईल. आणि या विचाराने आपल्याला वाईट का वाटावे, हे त्याला उमजेना.

“भावजी, आत्यांना मोरीत न्यायचंय,” पल्लवी म्हणाली. “पोती तर सगळी अंगणात भिजायलीत.”

“तसंच ने,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “एक दिवस पोत्यावाचून काय अडतंय?”

पल्लवीने दंड धरला. हरिओम अजून गुडघ्यावरच होता, त्यामुळे त्याच्या डोळ्यांसमोर फक्त पावले आली. दोन कोरड्या, भेगाळलेल्या टाचा उंबऱ्यावर थांबल्या. उजवे पाऊल खाली आले, सवयीप्रमाणे बोटे आत वळवून. मग अंगठा दगडावर टेकला. किंचित दाबला गेला. थांबला. आणि बाकीची बोटे एकेक करून उघडत गेली, मूठ सैल व्हावी तशी.

“काय झालं, आत्या? दुखायलंय का?”

“न्हाई गं. सारवलेल्या खळ्यावानी लागायलंय पायाला.” त्यांनी पुन्हा एकदा अंगठा दाबून पाहिला. “चल.”

हरिओमने ब्रश बादलीत सोडला. ती पावले मोरीच्या दारापर्यंत गेली, तिथून परत आली, आणि संपूर्ण वेळ ती सपाट पडत होती. पल्लवीला ते दिसले नसावे; ती सासूच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

रात्रीच्या जेवणाला त्याने विषय काढला. घास हातात तसाच राहिला होता.

“अण्णा, पॉलिश... राहू द्यायचं का?”

धनराजने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. “आता आणखी काय करायचं राहिलंय तुला, हरी?”

मायच्या पायाची बोटे उघडली, एवढेच त्याला सांगायचे होते. पण हे वाक्य तोंडात फिरवून पाहिले तेव्हा ते त्यालाच इतके लहान वाटले की त्याने ते घासाबरोबर गिळून टाकले.

सोमवारी सकाळी श्रीमंतचा टेम्पो दारात लागला. पॉलिशचे मशीन जड होते. ते उंबऱ्यावरून आत घ्यायला धनराजने सदऱ्याच्या बाह्या वर सारून हात लावला. पल्लवी दार धरून उभी होती. अक्कम्मा ओट्यावरून सूचना देत होती, आणि त्यांपैकी निम्म्या कानडीत होत्या.

“जरा तिरपं घ्या, सावकार. तिरपं. हां. बसलं.”

श्रीमंतने उकिडवे बसून, तळहात टेकवून फरशी न्याहाळली. त्याने जिभेने च्यक् असा आवाज केला. “लईच खाल्लंय. पण निघतंय. दुपारपर्यंत काचेसारखी करतो. वरून चालणाऱ्याचं तोंड खाली दिसलं पाहिजे.”

“तेच पाहिजे,” धनराज म्हणाला.

श्रीमंतने वायरची वेटोळी सोडली आणि प्लग घेऊन तो बटणाकडे निघाला.

“थांबा,” हरिओम म्हणाला.

तो म्हणाला खरा, पण इतक्या हळू की ते कोणालाच ऐकू गेले नाही. ओठ ओले करून तो पुन्हा बोलणार, तेवढ्यात त्याला आतल्या खोलीचे दार दिसले.

सत्यभामाबाई चौकटीला धरून उभ्या होत्या. त्या समोरच्या कोणाकडेही पाहत नव्हत्या. खाली पाहत होत्या. त्यांनी पदर कमरेला खोचला. मग चौकटीवरचा हात सुटला.

हरिओमचा हात आपोआप पुढे झाला. एका उडीत त्याने त्यांना धरले असते. पण तो हात त्याने मागे घेतला, दुसऱ्या हातात घट्ट धरून ठेवला, आणि श्वासही त्याच हाताबरोबर धरला. पहिले पाऊल लहान होते. दुसरे त्याहून लहान. तिसऱ्याला खांदा डुलला, क्षणभर सगळे शरीर एका बाजूला गेले, आणि दगडाने पाऊल सोडले नाही. नंतरची पावले त्याला मोजता आली नाहीत. खोलीच्या मध्यावर, जिथे त्या हिवाळ्यात पडल्या होत्या, तिथे त्या थांबल्या नाहीत.

“अरे श्रीमंत,” त्या म्हणाल्या.

सगळे वळले. पल्लवीच्या हातून दार सुटून भिंतीवर आपटले. ओट्यावरची अक्कम्मा एकदाची गप्प झाली.

“चपला घालून आत आलास व्हय? लेकरानं दोन दिवस गुडघे टेकून फरशी घासलीय. बाहेर काढ आधी.”

श्रीमंतने भांबावून आपल्या पायांकडे पाहिले आणि चपला काढून हातात घेतल्या. त्याला यात काही विशेष दिसत नव्हते. समोर एक म्हातारी बाई उभी होती आणि ती रागावत होती, एवढेच.

“चुकलं, अव्वा.”

“चहा घेतोस ना? बस मग.” असे म्हणून त्या वळल्या आणि कोणाचाही आधार न घेता, भिंतीपासून हातभर दुरून, स्वयंपाकघराकडे चालू लागल्या. त्यांची पाठ दिसत होती. पांढुरक्या दगडावर अनवाणी पायांचा कोरडा, घासत जाणारा आवाज येत होता, आणि आज घरात त्याहून मोठा दुसरा आवाज नव्हता.

पल्लवी पुढे झाली. हरिओमने मान हलवून तिला थांबवले. ती थांबली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती.

धनराज मशीनच्या दांड्यावर हात ठेवून उभा होता. त्याने आईच्या पाठीकडे पाहिले. मग खाली, तिच्या पायांखालच्या राखाडी दगडाकडे. मग कितीतरी वेळ धाकट्या भावाकडे. त्याचा चेहरा आता बाजारातल्या व्यापाऱ्याचा राहिला नव्हता.

“सावकार, करू का चालू?” श्रीमंतने विचारले. प्लग अजून त्याच्या हातात होता.

धनराजने दांड्यावरचा हात काढला. तो खाली वाकला, जमिनीवर पसरलेली वायर उचलली, आणि कोपरापासून अंगठ्यापर्यंत ती सावकाश गुंडाळू लागला.

स्वयंपाकघरात डब्यांची झाकणे एकामागून एक उघडली-मिटली जात होती.

“पल्लवे,” तिकडून हाक आली, “चहापत्ती कुठं दडवून ठेवलीस गं? माझ्या घरातली एक वस्तू जागेवर ठेवली न्हाईस.”