एकाच पंपात दोन औषधं

आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई पारूबाई, रुसत नाहीत. भांडून मोकळ्या होतात. पण उन्हाळ्यात पेठ वडगावच्या एका लग्नाहून आल्या त्या गप्पच. तिथं शाळेतली शालू भेटली होती. दोघी एका बाकावरच्या. आणि केटरिंगवाली बाई आत्तींकडे बोट दाखवून शालूबाईंना म्हणाली होती, "तुमच्या आईंना खुर्ची देऊ का?"

चार दिवसांनी भेंडी तोडता तोडता आत्तींनी विचारलं, "संयोगिता, राजारामपुरीत ते चामडीचं डॉक्टर असतंय न्हवं?"

उचगावच्या मळ्यात तीस वर्षं उन्हात राबलेला चेहरा. गालांवर वांग, कपाळावर सऱ्या पाडल्यासारख्या आठ्या. दिवाळीनंतर दहावीच्या बॅचचा मेळावा होता. तिथं त्यांना शालूच्या वर्गातली दिसायचं होतं, बास.

डॉक्टरबाईंनी रात्रीसाठी व्हिटॅमिन ए चं क्रीम दिलं, दिवसा सनस्क्रीन. आत्ती पांढरं तोंड करून मळ्यात जायच्या. मेळाव्याच्या बारा दिवस आधी हलकं पीलिंग झालं, म्हणजे औषध लावून वरची कातडी काढली. आत्ती आत तोंड धूत होत्या, तेव्हा डॉक्टरबाईंनी माझ्या हातात कागद दिला: आठ दिवस रात्रीचं क्रीम बंद, फक्त मॉइश्चरायझर नि सनस्क्रीन. माझी दहा महिन्यांची तेजू कडेवर टाहो फोडत होती. कागद मी तिच्या लंगोटांच्या पिशवीत कोंबला आणि साफ विसरले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्तींचं तोंड लालबुंद, ठिकठिकाणी सोललेलं.

"आत्ती, काय लावलंत?"

"दोनी बी. रातचं नि दिसाचं तळहातावर कालवलं नि चोळलं. टोमॅटोवर अळीचं नि बुरशीचं औषध एकाच पंपात घालतोय की! एक फेरी वाचती."

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "पीलिंगनं कातडी आधीच नाजूक झाली होती, मावशी. त्यावर हे क्रीम चोळलंत!" आता फक्त मॉइश्चरायझर, गार पाण्याच्या घड्या आणि सावली. माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. मी पायातली चप्पल बघत राहिले. कागदाचं बोलायला तोंडच उघडेना.

मेळाव्याच्या दिवशी आग थांबली होती, पण गालावर पापुद्रे होतेच. आत्तींनी इस्त्रीची जांभळी साडी परत कपाटात ठेवली.

"मी न्हाय जात. मागं शालूची आई केलती, आता आजी करतील."

मग मला राहवेना. पिशवी उपडी केली, बिस्किटाचा चुरा चिकटलेला तो कागद काढून त्यांच्या पुढ्यात धरला. "चूक माझी हाय, आत्ती. तुम्हाला सांगायचं राहिलं."

त्यांनी ओळ न् ओळ वाचली.

"व्हय गं भवाने! नऊ दिस मी सोताला अडाणी म्हणत बसलोय, आणि कागद पोरीच्या लंगोटात?"

माझे डोळे भरले. तेवढ्यात तेजू रांगत आली, आजीच्या मांडीवर चढली आणि गालावरचा पापुद्रा चिमटीत धरून मन लावून ओढू लागली. आत्ती तिला आवरता आवरताच हसायला लागल्या.

"काढ ती साडी. आणि तू बी चल. साक्षीदार पायजे."

शाळेच्या दारातच शालूबाई ओरडल्या, "पारू! तोंडाला काय झालं गं?"

"सुनंनं सोललंय," आत्ती म्हणाल्या, आणि पंपापासून लंगोटापर्यंत सगळं सांगून टाकलं. बायका एकमेकींवर कोसळत हसल्या. शालूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "तू तशीच हाईस की! प्रयोगशाळेत सगळ्या बाटल्या एकात ओतलेली तूच न्हवं? गुरुजींनी दोघींना बी उभं केलतं!" मग त्यांनी आत्तींचा हात धरला तो फोटो काढून झाला तरी सोडला नाही. निघताना त्या बायकांतल्या तिघींनी हळूच डॉक्टरचा पत्ता मागितला.

आता ट्यूबांवर आत्तींनी माझ्या नेलपॉलिशनं खुणा केल्यात. दिवसाच्याला एक ठिपका, रात्रीच्याला दोन. आज सकाळी मी केसांना फणीसुद्धा न लावता तेजूला भरवत होते. आत्ती आल्या, एका ठिपक्याची ट्यूब पिळली, माझी हनुवटी धरली आणि शेणानं सारवावं तसं सनस्क्रीन फासलं.

"आत्ती, राहू दे, माझं कुठं वय झालंय!"

"गप उभी ऱ्हा. ह्या अवतारात तुला कोन माझी सासू म्हणालं, तर?"