सहावी दाढ

दाढ ठणकते, बोलत नाही, असं तुम्ही समजता. आज मला बोलायचंय. मी एका हत्तिणीची दाढ आहे, खालच्या जबड्यातली, उजवीकडची, सहावी. सातवी येत नसते.

तुमचे दुधाचे दात पडले की खालून दुसरे येतात. हत्तीत मागची दाढ पुढे सरकते आणि पुढची झिजून तुकड्यातुकड्यांनी गळते. माझ्याआधी पाच जणी अशा खपल्या. मी आले तेव्हा विटेपेक्षा मोठी होते, अंगावर कानशीसारख्या कडा. साली, मुळं, बांबू, सगळ्याचा भुगा करायचे. काही बिया मात्र माझ्या तावडीतून निसटायच्या. पुढे कुठेतरी लांब लिदीतून पडायच्या आणि तिथं झाड उभं राहायचं. माझी हत्तीण चालता चालता जंगल पेरायची.

ती कळपाची म्होरकी होती. नदी आटली की पायानं वाळू उकरून पाणी काढायची. कळपाचं पिऊन झालं की त्याच खड्ड्यात हरणं तोंड घालायची.

मग माझ्या कडा झिजल्या. घास चावला जाईना, चोथ्याचा गोळा तसाच बाहेर पडायचा. दिवसभर खाऊनही ती उपाशी. त्यातच तिला जंगलाकाठच्या बेकरीचा वास लागला.

बेकरीवाला उरलेले पाव पाण्यात भिजवून मागच्या दारी पिंपात ठेवायचा, गोठेवाल्याच्या म्हशींसाठी. हत्तीण संध्याकाळी यायची, तो मऊ लगदा खायची आणि निघून जायची. मला काही करावंच लागायचं नाही.

हत्तीण वस्तीत येते म्हणून शेजारी ओरडले, तेव्हा बेकरीवाल्यानं पिंप गोदामात नेऊन दाराला कुलूप घातलं. त्याला वाटलं, वासही आत राहील. हत्तीच्या सोंडेला कुलूप काय करणार? तिनं भिंत ढकलली, ती पडली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

"पिसाळलीय ती," बेकरीवाला वनखात्याच्या साहेबांना म्हणाला. "आज भिंत पाडली, उद्या माझी पोरं तुडवील."

जनावरांच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या होत्या. "साहेब, बरगड्या मोजता येतायत तिच्या. गुंगीचं औषध देऊ, आधी तपासू."

"मग केसपेपर पण काढू का तिचा? बाहेर गर्दी बघा, बाई."

"निदान तोंड उघडून बघू द्या."

"बघा की. नंतर निवांत बघा."

संध्याकाळी ती पडलेल्या भिंतीपाशी पुन्हा आली. गोळीचा आवाज मला जबड्याच्या हाडातून ऐकू आला. काय झालं ते कळलंच नाही. जबडा मिटता मिटता थांबला. माझ्यावर अर्धा घास तसाच राहिला, भिजल्या पावाचा.

कळप आला. तिच्या मुलीनं आपली सोंड आईच्या तोंडात घातली. हत्ती एकमेकांची विचारपूस अशीच करतात. ती मला चाचपत राहिली, पुन्हा पुन्हा. फटाके वाजवून त्यांना हाकललं, तेव्हा कुठे बाई जवळ येऊ शकल्या.

त्यांनी टॉर्च मारला आणि माझ्या झिजल्या कडांवरून बोट फिरवलं.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"दाढ संपलीय हिची. पिसाळली नव्हती, साहेब. म्हातारी होती. तिला चावता येत नव्हतं."

साहेबांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. बेकरीवाला पुढे आला. "चावता येत नव्हतं म्हणून पाव खायची? अहो, मी रोज टोपलीभर दिले असते."

मी सुन्न होते. इतक्या माणसांत एकालाही आधी तोंडात डोकवावंसं वाटलं नाही, बाईंना सोडून. आणि त्यांचं कुणी ऐकलं नाही.

बाईंनी मला जबड्यातून काढून नेलं. आता मी त्यांच्या टेबलावर असते. आज साहेबांचा फोन आला. त्यांचा आवाज मलाही ऐकू आला. "बाई, त्या हत्तिणीची मुलगी पडक्या भिंतीपाशी येऊन उभी राहिलीय. काही खात नाही, हलत नाही. लोक जमलेत. हिच्या पण दाढा बघायच्या का?"

"तरुण आहे ती, दाढा ठणठणीत आहेत तिच्या," बाई म्हणाल्या. "आई गेलीय तिची. मी निघालेय. कुणाला काही करू देऊ नका."

बाई मला टेबलावरच ठेवून गेल्या. म्हणून तुम्हाला सांगते, तिथं जमलेल्या सगळ्यांना सांगते. या वेळी बघण्यासारखं तिच्या तोंडात काही नाही. बंदुका गाडीतच राहू द्या. चार पावलं मागे सरा. तिला उभं राहायचंय. राहू द्या.