कणकेतलं हाड

हरसूलच्या बाजारात त्या दिवशी भाजीपेक्षा वाळूबाबाच्या मांडवात गर्दी जास्त होती. एका पोराच्या पाठीवरून बाबानं कणकेचा गोळा फिरवला, फोडला, आणि आतून हाड काढलं. बायांनी हात जोडले.

"नाग मणक्याला विळखा घालून बसला व्हता. त्याचाच दात हाय ह्यो," बाबा म्हणाला.

लंकाबाई पुढंच बसली होती. पावसाळ्याआधी तिनं आपल्या चार वर्षांच्या लेकीला, हर्षालीला, इथंच पालथं निजवलं होतं. पोरीच्या पाठीला उंचवटा आलेला, बारीक ताप, रात्री कण्हणं. बाबानं हाड काढून दिलं आणि बजावलं, "इस्पितळात पाठीचा फोटो काढू नको. मशीन बघून नाग चवताळतो." ते हाड फडक्यात बांधून लंकाबाईनं पोरीच्या कमरेला अडकवलं आणि वाट पाहिली. तोवर पोरीचे पाय लुळे पडले.

नाशिकच्या इस्पितळात एमआरआयआधी फडकं सोडलं. डॉक्टर प्रतिभाताईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे दोन मणके क्षयानं पोखरलेत. हा पू मज्जारज्जूवर दाबतोय, म्हणून पाय गेले." मग हाड उलटसुलट पाहिलं. "हे कोंबडीचं आहे."

"आधी आणलं असतं तर?"

"बहुतेक चालत आली असती."

हर्षालीची औषधं सुरू झाली. आणि आज लंकाबाई पुन्हा मांडवात येऊन बसली.

आता बाबानं पुढच्या पोरीसाठी नवा गोळा उचलला. तो पाठीला लागायच्या आत लंकाबाईनं हिसकावला.

"मंतरलेला हाय. हात झडंल तुझा."

"झडू दे. पाठीला लागला नाय ना अजून? बघा समद्यांनी."

तिनं गोळा फोडला. आत हाड होतंच.

मागून एक म्हातारा म्हणाला, "नाग आता कणकेत राहतो वाटतं."

कुणीतरी पोलिसांना फोन लावला. बाबा उठू लागला. लंकाबाईनं त्याच्या गळ्यातल्या माळा मुठीत धरून त्याला खाली बसवलं. पोलीस येईपर्यंत तिनं ताटातला एकेक गोळा फोडला आणि हाडं त्याच्या मांडीवर रचली.

"चुकलं, बाई. माफ कर."

"माझी पोर पायावर उभी राहून करंल माफ. तवर कोठडीत बस."

समोरच्या पोरीची आई हळूच म्हणाली, "मशीनमधी दुखतं का?"

"नाय. लेकराला औषध देऊन निजवत्यात. चल, मी येते संगं."

मुलाची पाठ वाकत असेल, ताप हटत नसेल, तर डॉक्टरकडे न्या, पाठीचा फोटो काढा. मणक्याचा क्षय औषधानं बरा होतो. मांडवात घालवलेले दिवस मात्र कुठलंच औषध परत देत नाही.