हरकत नाही

स्टोअरबाईंनी दोन्ही डिझेल पंप टेबलावर ठेवले आणि त्यांतला एक मुद्दाम स्वतःपासून लांब सरकवला. तो त्यांच्या मुलाने दुरुस्त केलेला होता.

"सरकवून काय होणार?" मिस्त्री म्हणाले. "दर त्याचाच कमी आहे. घ्यावा तर तोच लागणार."

नदीच्या दोन काठांमध्ये दिवसभर माणसं नेणाऱ्या-आणणाऱ्या तीन लाँच, एक वर्कशॉप आणि एक स्टोअर, एवढाच त्या संस्थेचा संसार. दोन नंबरच्या लाँचचा पंप झिजला होता. नवा परवडत नव्हता, म्हणून रिकंडिशन केलेला घ्यायचं ठरलं आणि दोन दरपत्रकं आली. एक शहरातल्या जुन्या, नावाजलेल्या कारखान्याचं. दुसरं त्याच्या निम्म्या दराचं, सहा महिन्यांपूर्वी त्याच कारखान्यातली नोकरी सोडून स्वतःची शेड टाकलेल्या मुलाचं. पाकीट फोडलं त्याच दिवशी बाईंनी 'हा पुरवठादार माझा मुलगा आहे' असं साहेबांना लेखी देऊन टाकलं होतं. तेव्हापासून त्याच्या पंपाच्या कुठल्याही कागदावर त्या सही करत नव्हत्या, मिस्त्रींना करायला लावत होत्या. उगाच कुणी बोट दाखवायला नको.

मुलाला मात्र हे काम मिळायलाच हवं होतं. शेडमध्ये आजवर ट्रॅक्टरची, जनरेटरची किरकोळ कामं येत होती. संस्थेचं काम मिळालं की नदीवरच्या सगळ्या बोटवाल्यांच्या तोंडी त्याचं नाव झालं असतं. नाही मिळालं, तर शेडला कुलूप लावून पुन्हा त्याच कारखान्याच्या दारात नोकरी मागायला उभं राहायचं. तिथले लोक हसले नसते, पण हसले नाहीत म्हणून सुटका थोडीच होते.

साहेब आले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून दोन्ही पंप पाहिले. त्यांना ते जुळ्या भावांसारखे दिसले.

"साहेब, हा महागातला घ्या," मिस्त्री म्हणाले.

"का?"

मिस्त्रींनी महागाच्या पंपाचा दांडा दोन बोटांत धरून सावकाश फिरवला. मग दुसऱ्याचा फिरवला.

"हाताला कळतं."

"हाताला कळतं, हे मी फाइलला कसं लावू? लेखी कारण द्या. नाहीतर नियमाप्रमाणे कमी दराचा."

साहेब निघून गेले. मिस्त्रींनी तीस वर्षं इंजिनं उघडली होती, पण कोरा कागद समोर आला की त्यांची दातखीळ बसायची. त्यांनी पेन घेतलं, झाकण काढलं, पुन्हा लावलं आणि खिडकीतून नदीकडे बघत बसले.

बाईंनी गप्प बसायचं, एवढंच काम होतं. नियम आपल्या पायांनी चालत जाऊन मुलाच्या पदरात काम टाकणार होता आणि त्यांच्या अंगावर शिंतोडाही उडणार नव्हता. त्यांनी टेबलावरच्या पावत्या दोनदा नीट लावल्या. मग उठून त्यांनी कपाटातलं रजिस्टर काढलं.

"मिस्त्री, दोन नंबरची लाँच एवढी फडकी कशाला नेते? बाकीच्या दोघींच्या तिप्पट. मला वाटलं, लग्नाची भांडी पुसतात की काय."

मिस्त्री हसले. "पंपावर टाकतात. ओली करून."

"ती कशाला?"

"पलीकडच्या धक्क्यावर इंजिन बंद करतात ना. परत निघताना ते सुरूच होत नाही. आतला फिरणारा भाग झिजलाय, त्यात डिझेल तापून पातळ झालेलं. मग ते पुढे जायचं सोडून फटीतून मागे गळतं. ओल्या फडक्याने पंप गार केला की होतं सुरू."

"आणि पाण्यात मध्येच बंद पडलं तर?"

"गेल्या महिन्यात पडलं होतं की. चाळीस माणसं घेऊन लाँच वाहत वाहत पार खालच्या पुलापर्यंत गेली. लाँच चालवणारा फडकं भिजवतोय, आणि माणसं आपली देवाचा धावा करतायत."

बाईंनी रजिस्टर मिटलं. "मग तुमच्या हाताला जे कळतं, ते पंप गरम केल्यावर आम्हालाही दिसेल?"

मिस्त्री सरळ होऊन बसले. "गार असताना दोघंही पास होतील. गरम झाल्यावर दिसेल. नक्की दिसेल."

बाईंनी कागद पुढे ओढला आणि आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं: 'दोन्ही पंप साठ अंशांपर्यंत तापवून, इंजिन सुरू होतानाच्या मंद वेगाला तपासावेत. पुरवठादारांना समक्ष हजर राहता येईल.'

मिस्त्रींनी ते दोनदा वाचलं. "बाई, हे तर मीच बोललो."

"तुम्हीच बोललात. मी फक्त लिहिलं."

"आणि घरी काय सांगाल?"

"घरी काय सांगायचंय? पत्र पोस्टाने जाईल. सगळ्यांना जातं तसं."

पत्र तिसऱ्या दिवशी पोचलं. संध्याकाळी मुलगा ते घेऊनच स्वयंपाकघरात आला आणि ओट्याला टेकून उभा राहिला.

"आई, गरम करणार म्हणजे कशाने करणार?"

"पत्रात आहे ना सगळं."

"पत्रात साठ अंश आहे. कसे करणार, ते नाहीये."

"मग जेवढं आहे तेवढंच वाच."

त्याने पत्राची घडी घातली, उघडली. "मी गारच तपासला होता. कारखान्यात आम्ही आतलं हेड, तो फिरणारा भागच, सरसकट नवं टाकायचो, त्यामुळे गरम करून बघायची वेळच आली नाही कधी. याचं हेड मोजलं, चांगलं वाटलं, म्हणून तेच ठेवलं. म्हणून तर दर कमी देता आला." तो घुटमळला. "एक दिवस पंप मला परत मिळेल? हेड बदलून आणून ठेवतो. कुणाला कळणारही नाही."

"दोन्ही पंप कपाटात आहेत. कुलपात."

"किल्ली तुझ्याकडेच असते."

"म्हणूनच नाही."

"दुसऱ्या कुणाची आई असती ना…" त्याने वाक्य तिथेच सोडलं आणि पत्र खिशात कोंबून तो बाहेर गेला.

त्यानंतरचे दोन दिवस तो खाली मान घालून जेवला. भाजी हवी का विचारलं तर हात आडवा करायचा. बाईंना काम जाईल याचं वाईट वाटत होतंच. पण त्याहून वाईट वाटलं ते त्याने पंप मागितला याचं. लहानपणी दुकानदाराने चुकून जास्त दिलेल्या दोन पेन्सिली परत करायला धावत गेलेला हा मुलगा. तो कुठे गेला, असं त्यांच्या मनात येत राहिलं.

चाचणीच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून वर्कशॉपमध्ये हजर झाला. कारखान्याने कुणालाच पाठवलं नव्हतं.

"नमस्कार मॅडम," तो बाईंना म्हणाला.

"नमस्कार," बाई म्हणाल्या. मिस्त्रींना एकदम खोकला आला.

टेस्ट बेंच जुना होता, पण मिस्त्रींनी त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं. पंप त्यावर बसवायचा, मोटरने फिरवायचा आणि प्रत्येक तोंडातून किती तेल येतं ते समोरच्या काचेच्या चार नळ्यांत बघायचं. आधी कारखान्याचा पंप लावला. गार असताना तेल खुणेपर्यंत आलं. साठ अंशांना अगदी थोडं उतरलं, पण खुणेच्या आसपास राहिलं. बाईंनी आकडे लिहिले.

मग मुलाचा लावला. गार असताना चारही नळ्यांत तेल एका रेषेत चढलं, कारखान्याच्या पंपापेक्षाही सरस. मुलाच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला बाईंना न बघताच कळला. त्यांनी तोही आकडा लिहिला आणि मिस्त्रींनी हीटर चालू केला.

तेवढ्यात धक्क्यावरून कुणीतरी मिस्त्रींना हाक मारली. ते दाराशी गेले, काहीतरी ओरडून सांगून परत आले आणि त्यांनी मोटर सुरू केली. चारही नळ्यांत तेल निम्म्यावर येऊन थांबलं.

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि ते थर्मामीटरवर वाकले.

"अडुसष्ट? पत्रात साठ आहे."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. "हीटर चालू राहिला साहेब. चूक माझी."

"पंप काही लगेच गार व्हायचा नाही, आणि आज एवढाच वेळ आहे." साहेब मुलाकडे वळले. "तुम्हाला हरकत घेता येईल. घेतलीत, तर ही चाचणी रद्द. दोन्ही पंप परत जातील. पुढच्या महिन्यात नवी दरपत्रकं, नवी चाचणी."

महिनाभरात पंपात नवं हेड बसवून होतं, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. आणि त्यात काही वावगंही नव्हतं. नियम मुलाच्या बाजूने होता, चूक संस्थेची होती.

फॉर्मवर 'हरकत' असा एक रकाना होता. बाईंनी पेन त्यावर टेकवलं आणि त्या तशाच बसून राहिल्या. मान वर केली असती, तर त्याने त्यांचा चेहरा वाचला असता, आणि मग उत्तर त्याचं राहिलं नसतं.

मुलाने हाताची पालथी बाजू पंपाला लावली आणि झटकन मागे घेतली.

"मिस्त्री, लाँचवर हा किती तापतो?"

"उन्हाळ्यात? सत्तरच्या घरात जातो."

"आणि पुढचा महिनाभर जुन्याच पंपावर चालवणार?"

"दुसरा कुठाय?"

त्याने नळ्यांकडे पुन्हा एकदा पाहिलं.

"हरकत नाही," तो म्हणाला.

साहेब गोंधळले. "हरकत नाही म्हणजे? पुढच्या महिन्यात चालेल, असं?"

"म्हणजे हरकत घेत नाही. अडुसष्टला जो पुरत नाही, तो नदीत पुरणार नाही. माझा कमी पडला साहेब. कारखान्याचा घ्या." मग तो टेबलाकडे वळला. "लिही, आई."

बाईंनी लिहिलं. दोनच शब्द होते, पण त्यांना मध्ये थांबून श्वास घ्यावा लागला. ऊर भरून येतो म्हणतात, ते त्यांना इतकी वर्षं बोलण्यातलं वाटायचं. तो खरोखरच भरून येतो आणि पेन नीट चालत नाही, हे त्यांना त्या दिवशी समजलं. मुलाचं काम गेलं होतं आणि इतका आनंद त्यांना तो शाळेत पहिला आला तेव्हाही झाला नव्हता.

"मिस्त्री, पुन्हा एकदा चालवता का?" मुलगा शर्टाच्या बाह्या दुमडत म्हणाला. "किती अंशांपासून उतरायला लागतं, ते बघायचंय."

"इस्त्रीचा शर्ट आहे रे."

"असू दे."

दोघं बेंचवर वाकले. साहेबांनी फॉर्म पुढे केला, तेव्हा मुलाने तेलाचे हात पँटला पुसून पुरवठादाराच्या जागी आपलं पूर्ण नाव लिहून सही केली. खाली साक्षीदाराची जागा होती. साहेबांनी सवयीने पेन मिस्त्रींपुढे धरलं.

"द्या इकडे," बाई म्हणाल्या.

"तुम्ही करताय?" साहेबांनी विचारलं. "तुम्हीच तर म्हणत होता…"

"मी हजर होते. मी पाहिलंय."

अठरा वर्षं बाईंनी संस्थेच्या प्रत्येक कागदावर दोन अक्षरं आणि खाली एक रेघ, एवढीच सही केली होती. आज त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, मग नवऱ्याचं, मग आडनाव, सगळं सुटं आणि टपोरं, मुलाच्या सहीच्या बरोबर खाली. शाई वाळावी म्हणून साहेबांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला. पहिलं नाव सोडलं, तर दोन्ही सह्या सारख्याच होत्या.